वायफायची शेगडी आणि वडशाचं सरपण

डॅलसला असलेली माझी भाची पूर्वी फोन केला की भरल्या वांग्यात तीळ किती, खोबरं किती, असं विचारायची. हल्ली तिच्या बोलण्यात एकच विषय, शेगडी! तिच्या नवऱ्याने मागच्या अंगणात ठेवायला ‘पेलेट ग्रिल’ आणलंय. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी, विजेचा पंखा असलेली आणि वायफायवरून मोबाईलला जोडलेली शेगडी. कोंबडी आत ठेवायची, झाकण लावायचं, मोबाईलवर आच ठरवायची आणि खुशाल दुसऱ्या कामाला लागायचं. कोंबडी आतून शिजली की फोन वाजतो. “आणि मावशी, महागही नाही गं. स्वस्तातलीच घेतलीय. तुमच्याकडे तर केवढी सांदवाडी, शिवाय लाकडाच्या राज्यात राहता तुम्ही. पुढच्या वेळी एक घेऊन येऊ का?”

लाकडाच्या राज्यात! गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे हे खरंच. पण लाकूड जंगलात असणं वेगळं आणि चुलीत असणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक बाई चालत असते, डोक्यावर मोळी घेऊन. ती आमच्या वडशाच्या आसपासच्या कुठल्याही गावात सकाळी दिसते. तिच्याकडे मी पुढे येतेच. आधी शेगडी नीट बघू, कारण ‘परदेशातलं आहे म्हणजे भारी’ आणि ‘परदेशातलं आहे म्हणजे आपल्या कामाचं नाही’ ही दोन्ही मतं न बघताच दिलेली असतात.

व्हिडिओ कॉलवर मी भाचीला सगळी झाकणं उघडायला लावली. बाजूला एक डबा, त्यात गोळ्या. गोळ्या म्हणजे पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांत डिंक वगैरे काही लागत नाही. भुसा खूप दाबला की तापतो आणि लाकडातलाच चिकट अंश त्याला धरून ठेवतो. डब्याच्या तळाशी शेवयांच्या यंत्रात असतं तसं मळसूत्र. ते फिरलं की थोड्या थोड्या गोळ्या पुढे सरकतात आणि एका लहानशा लोखंडी भांड्यात पडतात. तिथे एक सळई विजेवर लाल होते, गोळ्या पेटतात, पंखा वारा घालतो. आत उष्णता मोजणारी काडी बसवलेली असते. आच उतरली की मळसूत्र जास्त फिरतं, चढली की कमी. बस, एवढंच यंत्र आहे. सासूबाई चुलीसमोर बसून लाकूड आत सारायच्या, बाहेर ओढायच्या, फुंकणीने फुंकायच्या, तेच काम इथे एक मळसूत्र, एक पंखा आणि एक काडी मिळून करतात. वायफाय फक्त निरोप्या.

अशा गोळ्या अमेरिकेत आल्या त्या १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर, घरं गरम ठेवायला. लाकूड कारखान्यांत भुशाचे डोंगर पडलेलेच होते. त्यावर स्वयंपाकाची शेगडी बसवली ओरेगॉन राज्यातल्या जो ट्रेगर या गृहस्थाने. १९८६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे पेटंटची मुदत संपली, मग बाकीच्या कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आले. आता चारशे-पाचशे डॉलरला वायफायवाली मिळते. म्हणजे आपले पस्तीस ते पंचेचाळीस हजार. तिथल्या मानाने ही ‘स्वस्त’!

कौतुक करण्यासारखं त्यात काय आहे, ते आधी सांगते. शंभर-सव्वाशे अंशांची मंद आच आठ-दहा तास एकसारखी ठेवणं हे हाताने फार कठीण काम आहे. ज्यांनी लग्नाच्या घरी रात्रभर दूध आटवलंय त्यांना विचारा. हे यंत्र ते करतं. मांसाच्या आत खुपसायची वेगळी काडी असते, ती आतली उष्णता सांगते. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोचली की खायला निर्धोक, हे अंदाजाने नाही तर आकड्याने कळतं. ही काडी मात्र मला मनापासून आवडली. ती शेगडीशिवाय सुटीही मिळते.

(आणखी एक मजा. भाचीच्या घरी त्या शेगडीजवळ उभा असतो तो नवरा! आपल्याकडेही नदीवर पार्टी असली, मटण चुलीवर असलं की पुरुषच पळी हातात घेतात, आणि वर्षभर पुरेल एवढं कौतुक वसूल करतात. बाहेरची चूल त्यांची, आतली आपली. वायफायने बाहेरचीही राखण संपवली. आतल्या चुलीला वायफाय लावायचं कुणाला सुचलं नाही, ते का सुचलं नाही हे मी सांगायला नको.)

आता आपल्या बाजूने बघू. पहिली गोष्ट वीज. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडची शेगडी इथे सरळ प्लगला लावली तर पेटवायची सळई आणि आतलं कार्ड त्याच मिनिटाला जळणार. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. पेटताना दोनशे-तीनशे वॅट आणि नंतर चाळीस-पन्नास वॅट एवढीच तिची भूक, त्यामुळे इन्व्हर्टरवर चालेल. पण इन्व्हर्टर नसेल आणि मध्येच लाईट गेली तर मळसूत्र थांबतं, पंखा थांबतो, आणि भांड्यातला विस्तव हळूहळू मागे गोळ्यांच्या डब्याकडे सरकू शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं म्हणजे बातमीही नसते.

दुसरी गोष्ट ओल. गोळीला पाणी लागलं की ती फुगून पुन्हा भुसा होते, आणि मळसूत्रात असा फुगलेला भुसा अडकला तर सिमेंटसारखा बसतो. आषाढ-श्रावणात जिथे माचिसची काडी पेटत नाही, तिथे गोळ्यांचं पोतं कोरडं ठेवायचं कुठे? तिसरी गोष्ट उंदीर, त्यावर जास्त लिहीत नाही. चौथी, कार्ड बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? वडशात पंख्याची मोटर बांधून देणारे हात आहेत, मळसूत्र लेथवर करून मिळेल, पण ते कार्ड डॅलसहूनच यायचं. आणि शेजारी धानाचं पुंजणं उभं असताना विस्तव पेटवून मोबाईल घेऊन निघून जायचं, हे मला तरी कुणी सांगू नये.

पण या सगळ्यांवर एखादी हुशार पोरगी तोड काढेल. तोड नाही ती गोळ्यांवर. मंद आचेवर तासाला अर्धा ते एक किलो गोळ्या लागतात. आठ तासांची कोंबडी-मटणाची हौस म्हणजे चार ते आठ किलो. तिकडे सुपरमार्केटात नऊ किलोचं पोतं मिळतं, त्यावर सफरचंदाचं लाकूड, ओक, हिकरी असं लिहिलेलं. इथे तसलं पोतं नाही. आरागिरणीतला भुसा आणून भागेल म्हणाल, तर मोकळा भुसा त्या मळसूत्रात चालत नाही. आणि प्लायवूडचा, पॉलिश मारलेल्या फर्निचरचा भुसा तर अन्नाच्या जवळ आणूच नये. त्यात डिंक आणि रसायनं असतात, ती धुरातून खाण्यात उतरतात.

तेव्हा ग्रिल नको, हे माझं मत. ताडोब्याच्या वाटेवर पर्यटकांसाठी हॉटेल चालवणाऱ्या कुणाला हौस असेल तर त्याने २३० व्होल्टची बघून घ्यावी. घरासाठी नको. एवढ्यावर लेख संपला असता. पण त्या गोळ्यांनी माझ्या डोक्यात घर केलं. शेगडीपेक्षा गोळ्या महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात एकदा घडून गेलेली आहे.

त्याआधी धुराबद्दल. भाचीची तक्रार काय, तर गोळ्या इतक्या स्वच्छ जळतात की धुराचा वास मांसाला पुरेसा लागत नाही! म्हणून लोक आत आणखी एक जाळीची नळी ठेवतात, मुद्दाम धूर करणारी. हे मी बाजारात सरपण विकायला येणाऱ्या एका बाईला सांगितलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, “धूर पायजे? मंग माह्या घरी ये म्हणा सयपाकाले. फुकटात देतो.”

धुराची चव आपल्याला कळत नाही असं नाही. फुफाट्यात भाजलेलं वांगं, रताळं, वाटीत निखारा ठेवून वरून तुपाची धार सोडून डाळीला दिलेला धूर, हे सगळं आपलंच आहे. मामा तलावातली लहान मासळी उन्हात सुकवून चुलीच्या वर टांगलेल्या टोपलीत ठेवली की उन्हाने राहिलेली कसर धूर भरून काढतो, आणि पावसाळ्यात तीच मासळी वांग्यात पडते. मक्याची कणसं, भोपळ्याचं बी चुलीच्या वर टांगायचं, म्हणजे किडा लागत नाही. आपल्या आज्यांना धूर उपयोगाचा होता. पण तो त्यांच्या छातीतही गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या चुलींच्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं गेली. धूर खाणंही फार चांगलं नाही म्हणा. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये धुरावलेलं, खारवलेलं, टिकवलेलं मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. पण महिन्यातून एकदा धुरावलेली कोंबडी खाणं आणि रोज दोन वेळा बंद खोलीत धूर पिणं यांची बरोबरी होत नाही.

आणि धुराच्याही आधी असतं सरपण. वडशातल्या, आरमोरीतल्या, ब्रह्मपुरीतल्या मैत्रिणींना वाघाबद्दल मी काय सांगणार? वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत मिळून १३ माणसं मारणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्याच वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला. तो पकडला म्हणून भीती गेली नाही, कारण वाघ तो एकच नव्हता. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. तेंदू, मोह, वास्ते, काड्या, यांतलं काही ना काही आणायला वर्षाचे बाराही महिने बायका जंगलात असतात. वाकून, जमिनीकडे बघत. वाघाला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही, असं जंगलखात्याची माणसं सांगतात. म्हणजे ज्या कामाला वाकावं लागतं तेच काम जिवाचं, आणि ते बहुतेक बाईच्याच वाट्याचं.

मग गॅस आहे ना, असं शहरातली माणसं म्हणतात. आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खरंच घरोघरी शेगड्या आल्या. मी गॅसची विरोधक मुळीच नाही, उलट गॅससारखं सुख नाही. पण मार्च २०२३ मध्ये दिल्लीत सिलिंडर ११०३ रुपयांना होता, आमच्याकडे तर वाहतुकीचा खर्च चढून त्याहून जास्त. नंतर भाव उतरवले, उज्ज्वलाच्या बायांना वेगळी सूटही मिळाली, तरी एकरकमी पैसे मोजायचेच. रोजीच्या बाईकडे रोज पन्नास रुपये असतात, महिन्याच्या शेवटी हजार नसतात. म्हणून चहा गॅसवर आणि भात चुलीवर, अशी वाटणी कितीतरी घरांत आहे. पाहुणे आले की गॅस, घरच्यांना काड्या. गुरांची आंबोण शिजवायला आणि आंघोळीचं पाणी तापवायला तर गॅस कुणीच लावत नाही. जंगलात जाणं गॅसने कमी केलं, बंद नाही केलं.

आता पुण्याची गोष्ट. २००६ मध्ये बीपी या मोठ्या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ नावाची शेगडी बाजारात आणली. शेतातल्या काडीकचऱ्याच्या, भुईमुगाच्या टरफलांच्या, उसाच्या चिपाडाच्या दाबून केलेल्या गोळ्या वरून भरायच्या. खाली बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा. गोळ्या पेटल्या की त्यांतून निघणारा वायूच जळतो, त्यामुळे ज्योत गॅससारखी आणि धूर जवळजवळ नाही. भाचीच्या पंचेचाळीस हजारांच्या शेगडीचं काळीज आणि ऊर्जाचं काळीज एकच: दाबलेली गोळी आणि पंख्याचा वारा. फक्त ऊर्जा हजाराच्या आसपासची होती आणि रोजच्या भातासाठी होती. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत बायकांनीच गावोगाव फिरून ती विकली. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ती चालवायला घेतली.

आणि काही वर्षांतच त्या शेगड्या माळ्यावर गेल्या. शेगडी बिघडली म्हणून नव्हे. गोळ्या महागल्या. ज्या टरफलांना, चिपाडाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यावर कारखान्यांच्या बॉयलरवाल्यांची नजर गेली. कच्चा माल महाग, मग गोळी महाग, आणि शेजारी सबसिडीचा सिलिंडर त्या काळी तीनशेच्या आसपास. कंपनी घरं सोडून हॉटेलांच्या, कँटीनच्या मोठ्या भटारखान्यांकडे वळली. तिला दोष कशाला द्यायचा? धंदा तो.

मी कागद-पेन्सिल घेऊन त्याचा हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्यापर्यंत जितकी आच पोचते, तितकी आच चांगल्या पंख्याच्या शेगडीत साधारण सत्तर किलो गोळ्यांतून मिळते. शेगडी कशी आहे यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे. म्हणजे तुमच्या सिलिंडरच्या किमतीला सत्तरने भागा. जो आकडा येईल त्याहून गोळीचा किलो स्वस्त असेल तरच ती परवडते. तीनशेला सत्तरने भागलं की सव्वाचार रुपये येतात. तेवढ्यात गोळी घरपोच देणं जमलं नाही, ऊर्जा तिथे हरली. ११०३ ला भागलं की पावणेसोळा येतात. म्हणजे जी गोष्ट तेव्हा परवडत नव्हती ती सिलिंडर महागल्यावर परवडू शकते, फक्त कच्चा माल कुणी पळवता कामा नये.

आता कच्च्या मालाचं बघा. आपला प्रदेश धानाचा. आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करतं, गिरणीवाले भरडाई करतात. एक क्विंटल धानातून ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचा. त्याच क्विंटलमधून साधारण वीस किलो वरचं टरफल निघतं, आपण त्याला सरसकट कोंडाच म्हणतो. सरकार तांदूळ घेतं, कोंडा गिरणीवाल्याचा. तीस क्विंटल धान पिकवणाऱ्या घराचा सहाशे किलो कोंडा होतो. सत्तरने भागा. आठ सिलिंडर! बांधीत चिखलात उभं राहून रोवणी कुणी केली? तिनेच. आणि तीच बाई भात शिजवायला काड्या आणायला वाघाच्या जंगलात जाते, तिच्याच धानाच्या आठ सिलिंडरांएवढा विस्तव ट्रकमध्ये भरून तिच्या दारावरून निघून जातो.

कुठे जातो? विटाभट्ट्यांना जातो, बॉयलरला जातो. कोंड्यावर वीज करायचा कारखाना तर वडशातच उभा राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळायला सांगितलं. हवेसाठी ते चांगलंच. पण त्यात एक गोष्ट पक्की ठरली, की गोळी चांगली जळते आणि ती विकत घ्यायला मोठी गिऱ्हाइकं आहेत. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या शेजारी उभी राहून चिखलात राबणारी बाई भाव कसा लावणार?

म्हणून मला वाटतं की शेगड्या वाटण्याचे कार्यक्रम आता पुरेत. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला, २००२ मध्ये गुंडाळला. लाखो चुली बांधल्या, त्यांतल्या किती पेटत्या राहिल्या ते आपल्याला आपल्याच गावात मोजता येईल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर वरण-भात-भाजी होते. म्हणजे डोकं आपल्याकडे आहे, हात आहेत. त्यांचाही भर शेगडीइतकाच इंधनावर होता, हे लक्षात घेण्यासारखं. चूल देणारे फोटो काढून जातात. सरपण रोज लागतं, त्याचा फोटो नसतो.

मागायचंच तर हे मागावं, की भरडाईच्या करारात कोंड्याचा एक वाटा तालुक्यातल्या महिला बचत गटांच्या संघाला ठरलेल्या भावाने मिळावा. दहातला एक भाग मिळाला तरी सुरुवात होईल. गोळ्या करायचं यंत्र मोठं असतं, लाखांच्या घरात जातं, वीजही बरीच खातं, ते एका गटाचं काम नाही. तालुक्याला एक पुरेल. गोळ्यांची विक्री रेशन दुकानाच्या अंतरावर आणि पाच-पाच किलोनेही व्हावी, म्हणजे रोजीच्या बाईला रोजच्या पैशात घेता येईल. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गॅसमध्ये नेमकं तेच नाही.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. कोंड्याची गोळी आणि लाकडाची गोळी यांत फरक आहे. लाकडाच्या गोळीची राख शंभरात एक भागही होत नाही. कोंड्याची राख शंभरातले पंधरा ते वीस भाग, आणि ती वाळूसारखी, कारण धानाच्या टरफलात तीच असते. भाचीच्या शेगडीत कोंड्याची गोळी घातली तर ते लहानसं भांडं तासाभरात राखेने बुजेल. आपल्याला शेगडीही राख खाली झडेल अशी लागेल, आणि गोळीत कोंड्याबरोबर लाकडाचा भुसा मिसळावा लागेल. गिरणीवाले म्हणतील की कोंडा विकूनच आमची भरडाई परवडते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर त्यांनी हिशेब मांडावा, आपण आपला मांडू. आणि एखादी म्हणेल की बाई, मला या वयात गोळ्याही नकोत आणि काड्याही नकोत, मला फक्त गॅस परवडेल असा द्या. तिचं मी आधी ऐकेन.

तोवर आपल्याकडे आहे ती भुशाची शेगडी. आरागिरणीच्या गावात वाढलेल्या बायांना ती सांगायला नको, नव्या सुनांसाठी लिहिते. पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला मूठभर रुंदीचं भोक पाडायचं. मध्ये एक बाटली उभी धरायची आणि खालच्या भोकातून एक दांडा बाटलीच्या बुडापर्यंत आडवा सारायचा. मग भोवती कोरडा भुसा थोडा थोडा टाकत मुठीने ठासायचा, पोकळ राहिला की ढासळतो. अर्ध्याच्या वर धानाचा कोंडा मिसळू नका, तो नीट बसत नाही. डबा भरला की बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची, दांडा बाहेर ओढायचा. खालच्या भोकात दोन काड्या पेटवल्या की मधली पोकळी आतून पेटत जाते आणि दोन-अडीच तास एकसारखी आच राहते. पेटताना पहिली दहा मिनिटं धूर करते, म्हणून ती उघड्यावर, सांदवाडीत लावायची, घरात आणायची नाही. आंघोळीचं पाणी, गुरांची आंबोण, धान उकडणं तिच्यावर होतं. तेवढ्या दोन मोळ्या आठवड्याला वाचतात.